भांगेच्या शेतातला ऑगस्ट

ऑगस्ट सरत आला की म्युनिकच्या उत्तरेला महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सची तोडणी सुरू होते. दोन मजली घराएवढे उंच खांब, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा आणि तारांवर चढत गेलेल्या हिरव्या वेली. कामासाठी त्या रस्त्यानं जावं लागलं की मी गाडीची काच खाली करते. आत वास येतो. कडसर, ओला, थोडा लसणीसारखा, थोडा राळेसारखा. शेजारी बसलेला सहकारी खूश होऊन म्हणतो, "बिअर!" मी "हो, हो" म्हणते. मला त्या वासानं बिअर आठवत नाही. मला माझे बाबा दिसतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात मी घेऊन दिलेले नवे बूट, आणि समोर त्यांच्या दुप्पट उंचीचं हिरवंगार शेत.

हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती हसत होते. माणसांच्या घरात असतं तसंच झाडांच्याही घरात असतं म्हणायचं. एक भाऊ तहसीलदार, दुसरा फरार. इथं हॉप्सच्या माळा करून बिअरच्या जत्रेतल्या तंबूंच्या दारांवर लावतात, पुढारी त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढून घेतात. दुसऱ्या भावाचं नाव निघालं की आवाज खाली येतो.

ती गोष्ट २०१४ च्या ऑगस्टमधली. मी ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करत होते. जुलैत जर्मनीनं वर्ल्ड कप जिंकला होता आणि बाल्कन्यांतले झेंडे अजून उतरले नव्हते. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी थांबली, म्हणून बाबा एकटेच आले. दोन महिन्यांचा व्हिसा, एक बॅग, तिच्यात अर्ध्याहून अधिक लोणची आणि शेंगदाण्याची चटणी. नर्मदा आणि तापीच्या मधल्या पट्ट्यातलं आमचं गाव. तिथं घरात मराठी, बाजारात निमाडी आणि कचेरीत हिंदी. बाबा सरकारी नोकरीत होते. तेहतीस वर्षांची नोकरी, आणि माझ्या आठवणीत त्यांचं एकच काम: अंमली पदार्थ शोधायचे, जप्त करायचे, पीक सापडलं तर उपटून जाळायचं. आमच्या दिवाणखान्यात त्यांचा कलेक्टरांच्या हातून प्रशस्तिपत्र घेतानाचा फोटो होता. पाहुणे आले की आई त्यावरची धूळ पुसायची.

मी घरी सांगितलं होतं, की मी झाडांच्या धाग्यांपासून मोटारींच्या दारांचे भाग बनवण्यावर काम करते. ते खोटं नव्हतं. झाड कोणतं, एवढंच सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी मी त्यांना बसनं हाइनरच्या गावाला घेऊन गेले. हाइनर म्हणजे आमच्या प्रयोगांसाठी धागा पिकवणारा शेतकरी. साठी उलटलेला, उंच, टक्कल पडलेला, हात फावड्यासारखे रुंद. बसथांब्यापासून दहा मिनिटं चालायचं. मका संपला, बीटचं शेत संपलं आणि रस्ता वळला.

बाबा थांबले.

समोर भांग उभी होती. तीन मीटर उंच, इतकी दाट की आत दोन हातांवर अंधार. वारा आला की शेंडे एका बाजूनं वाकायचे आणि रस्त्यापासून पार क्षितिजापर्यंत एक सळसळ धावत जायची. फुलोरा नुकता सुरू झालेला. उन्हात पिवळी धूळ तरंगत होती. आणि वास. बाबांच्या युनिफॉर्मला येणारा वास. लहानपणी ते दौऱ्यावरून आले की आई तो युनिफॉर्म अंगणातच उतरवून ठेवायला लावायची. तो वास इथं आकाशाएवढा झाला होता.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचे ओठ हलत होते. ते ओळी मोजत होते. मग मोजणं सोडून दिलं.

"आशू," ते हळू आवाजात म्हणाले, "हे कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाबा. परवानगी आहे. ह्याच्यात नशा नसते. ही धाग्याची जात."

"पान तेच आहे."

"हो. पान तेच."

"मी चार झाडांसाठी पाच माणसं घेऊन डोंगर चढलोय," ते म्हणाले. "चार झाडांसाठी." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू ह्याच्यावर डॉक्टरेट करतेस?"

मी मान हलवली. त्या दिवशी ते पुढं एक शब्द बोलले नाहीत. बसमध्ये नाही, जेवताना नाही. माझ्या एका खोलीच्या घरात दोन माणसांचं न बोलणं फार जागा व्यापतं. मला वाटलं, आपण त्यांच्या तेहतीस वर्षांना उलट उत्तर दिलं. तेही त्यांच्या म्हातारपणी, परक्या मुलखात, जिथं उठून कुठं जाताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर प्रयोगशाळेतून आणलेली, गेल्या वर्षीच्या भांगेच्या काड्यांची जुडी पडली होती. मी चहा करत होते. मागून काड्या मोडल्याचा आवाज आला. बाबांनी एक काडी मोडून तिची साल खाली ओढली होती आणि लांब, रुपेरी धागा त्यांच्या बोटात लोंबत होता.

"अगं, हा तर वाख," ते म्हणाले.

आमच्या आजोबांच्या शेतात बांधाला अंबाडी असायची. ती कापून ओढ्यात कुजत घालायची, साल सोलून वाख काढायचा आणि पावसाळ्यात पडवीत बसून बैलांचे कासरे वळायचे. हे मी ऐकून होते. आता बघत होते. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, दोन पदर मांडीवर ठेवले आणि तळहातानं वळायला सुरुवात केली. चहा निवला. वीतभर दोरी झाली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"तुटत नाही," ते म्हणाले. त्यात कौतुक होतं आणि तक्रारही होती. "ह्याची दोरी होते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. चल, त्या माणसाकडे परत जाऊ."

मग आम्ही जातच राहिलो. हाइनर कोठारासमोरच्या बाकावर कॉफी द्यायचा. त्याच्या लेखी 'बाबा' म्हणजे साधू. तरुणपणी हिंदुस्थानात फिरताना तो हाच शब्द शिकला होता. मी माझ्या वडिलांना बाबा म्हणते ऐकून तो चकित झाला आणि तोही त्यांना बाबाच म्हणू लागला. बाबा त्याला हैनरभाऊ म्हणायचे. दोघांच्या मध्ये मी, दुभाषी.

त्याची गोष्ट त्यानं तुकड्या-तुकड्यांत सांगितली. वीस-एकवीस वर्षांचा असताना सहा मित्रांबरोबर लाल रंगाच्या एका जुन्या गाडीतून तो निघाला. तुर्कस्तान, इराण, काबूल, मग दिल्ली. केस खांद्यांच्या खाली. प्रत्येक गावात कुणीतरी चिलीम पुढं करायचं आणि बसायला जागा द्यायचं.

"आमच्या बापांनी युद्ध पाहिलं होतं," हाइनर म्हणाला. "ते काही बोलायचे नाहीत. जेवणाच्या टेबलावर फक्त काट्याचमच्यांचा आवाज. तर, आम्हाला वाटायचं, सगळे एकदा गोल करून बसले, एकच चिलीम फिरली, तर माणसं बोलू लागतील. मग कुणाला सैनिक व्हावंसं वाटणार नाही. हसू नको. आम्हाला खरंच तसं वाटायचं."

मी हसत नव्हते. कोठाराच्या भिंतीला टेकलेला तो मोठा माणूस बोलता बोलता एकवीस वर्षांचा होत होता, ते मी बघत होते. जगाचं दार नुसत्या खांद्याच्या धक्क्यानं उघडेल असं वाटण्याचं ते वय एका अख्ख्या पिढीला एकाच वेळी आलं होतं. आम्हाला, पुढच्या पिढ्यांना, त्यातलं काय मिळालं? टी-शर्टवरचं पान.

"सगळंच चांगलं नव्हतं," तो लगेच म्हणाला. "आमच्यातले दोघं पुढं सुईच्या नशेकडे गेले. एक परत आलाच नाही. ते मी लपवत नाही."

परतताना जर्मनीच्या सीमेवर त्याच्या चपलेच्या तळव्यात चरस सापडला. तोवर इथला कायदा कडक झाला होता. चौकांतून कुत्री घेऊन पोलीस फिरत, लांब केस दिसले की खिसे उलटे करायला लावत. हाइनरला आठ महिन्यांची कैद झाली. पहिल्याच दिवशी केस कापले. त्याची मैत्रीण उटे शिक्षिका होणार होती. तिच्या खोलीची झडती झाली, नाव कागदावर चढलं आणि तिला कुठल्याच शाळेनं घेतलं नाही. सुटून हाइनर घरी आला तेव्हा त्याच्या वडिलांनी फाटक उघडलं नाही. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. फाटकाबाहेर तो संध्याकाळपर्यंत उभा राहिला आणि मग चालत निघून गेला. वडील वारल्यावरच तो ह्या घरात परत आला.

"आणि गंमत बघ," तो म्हणाला. "माझे आजोबा ह्याच जमिनीत भांग लावायचे. दोरासाठी. गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्यामुळं सरकार इतकं घाबरलं, की ब्याऐंशीला दोराच्या भांगेवरही बंदी आली. आजोबांचं पीकसुद्धा गुन्हेगार झालं. शहाण्णवला बंदी उठली, तेव्हा ह्या गावात पहिलं बी मी पेरलं."

बाबा हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. मी भाषांतर करायची थांबले तरी त्यांची मान तशीच.

परवानगी होती, पण पहारा सुटला नव्हता. फुलोरा आला की सरकारला कळवायचं. मग तपासणीला कुणीतरी येतं, शेंडे कापून नेतं, प्रयोगशाळेत नशेचा अंश मोजला जातो. हजारात दोन भागांहून जास्त निघाला तर सगळं पीक नष्ट. उत्तर येईपर्यंत कोयता लावायचा नाही. त्या वर्षी जुलै फार तापला होता आणि हाइनर धास्तावला होता. उन्हानं अंश वाढतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वर्षभराच्या कष्टांबरोबर माझी दोन वर्षंही त्या शेतात उभी होती. ह्या हंगामाचा धागा मिळाला नसता तर माझे प्रयोग अर्धवट राहिले असते.

तपासणीला एक बाई आल्या. चाळिशीच्या, रबरी बूट, हातात बागेतली कात्री आणि कागदी पिशव्या. बाबा पुढं होऊन उभे राहिले. कुतूहल म्हणून नव्हे. तो त्यांचा धंदाच होता. बाईंनी हाइनरशी हात मिळवला, "आत जाऊ का?" असं विचारलं आणि मगच शेतात पाय टाकला. आडवंतिडवं चालत त्यांनी पन्नासेक शेंडे कापले. एकही झाड मोडलं नाही. पिशव्यांवर नंबर घातले, सही घेतली, ग्लासभर पाणी प्यायल्या. जाताना म्हणाल्या, "यंदा पीक छान आलंय."

त्यांची गाडी वळणापलीकडे गेली तरी बाबा तिथंच उभे.

"पंच नाहीत," ते म्हणाले. "शिपाई नाहीत. काठी नाही. तिनं विचारलं, आशू. आत जाऊ का, म्हणून विचारलं."

मग ते शेताच्या कडेला, गवतावर बसले. मी त्यांना असं जमिनीवर बसलेलं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. हाइनरही शेजारी बसला, गुडघे जवळ घेऊन. बाबांनी बोलायला सुरुवात केली आणि मला म्हणाले, "त्यालाही सांगत जा."

"मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे गांज्याची दुकानं होती. सरकारमान्य. माझं काम काय, तर दुकानात जाऊन माल शुद्ध आहे का, तागडी खरी आहे का, ते बघायचं. टेकडीवरच्या मठात रामगीर बुवा होते, ते त्या दुकानातून पुडी न्यायचे. म्हातारे, डोळ्यात मोतीबिंदू. त्यांना तागडीचा काटा दिसायचा नाही, म्हणून मीच वाचून दाखवायचो. लहानपणी मला ताप आला की माझी आई मला त्यांच्या धुनीपाशी नेऊन बसवायची. पुढं दिल्लीला कायदा झाला. दुकानं बंद. बुवांनी मठामागं चार झाडं लावली. कुणीतरी कळवलं. हुकूम आला. मी पाच शिपाई घेऊन टेकडी चढलो."

मी जर्मनमध्ये सांगत होते. 'धुनी'ला शब्द सापडेना. हाइनर म्हणाला, "मला माहीत आहे धुनी. पुढं सांग."

"बुवा ओट्यावर बसले होते. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. म्हणाले, 'ये बेटा.' मी वॉरंट वाचलं. झाडं उपटली. शिपाई पोरांनी शेजारची मिरचीही उपटली, मी बोललो नाही. बुवांना गाडीत बसवताना त्यांनी एवढंच विचारलं. 'काल तूच मला तोलून देत होतास. मग बदललं कोण, बेटा? झाड, का तू?' रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. दिसत नव्हतं ना, म्हणून विचारत होते, तसं."

"तुम्ही काय म्हणालात?" हे मी विचारलं. हाइनरनं नाही.

"काही नाही. पाय आत घ्या, म्हणालो. दार लावायचं होतं. अकरा महिने आत होते. सुटून आले तोवर मठाचं छप्पर खचलेलं. काठी टेकत नर्मदेकडे गेले, असं लोक म्हणतात. मला त्या वर्षी ते प्रशस्तिपत्र मिळालं. घरातलं."

तो फोटो मी जन्मापासून बघत होते. त्याच्या चौकटीबाहेर एक टेकडी होती आणि मिरचीची उपटलेली रोपं होती, हे मला युरोपातल्या एका बांधावर कळत होतं.

मी शेवटचं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. हाइनर शेताकडे बघत होता. आतून एक तितर फडफडत उडाला. मग तो सावकाश, मला नीट सांगता यावं म्हणून थांबत थांबत बोलला.

"सीमेवर मला धरणारा तरुण होता. माझ्याच वयाचा. त्याचे कान लाल झाले होते, एवढं आठवतं. पुढं बरीच वर्षं मला वाटायचं, तो एक दिवस येईल. ह्या फाटकातून. माफी वगैरे नको होती. नुसता येईल आणि 'मला आठवतंय' असं सांगेल. तो काही आला नाही." त्यानं बाबांच्या खांद्यावर तो फावड्यासारखा हात ठेवला. "आज कुणीतरी आलं."

मी हे मराठीत आणताना अडखळले. बाबांना मात्र अर्थ आधीच पोचला होता. त्यांनी हाइनरचा हात खांद्यावरून काढला नाही. दोन म्हातारे वाळत्या गवताच्या बांधावर बसले होते; एकाला धरलं होतं, दुसऱ्यानं धरलं होतं, आणि त्यांच्या पाठीशी ते झाड उभं होतं. ना कुणावर रागावलेलं, ना कुणाच्या बाजूचं. पोटात वाख, डोक्यावर फुलोरा. मी आजवर देवळांत, चर्चमध्ये, डोंगरमाथ्यांवर हात जोडले आहेत. पण आपोआप जोडले गेले ते तिथं.

बारा दिवसांनी पत्र आलं. अंश मर्यादेच्या आत होता. फार खाली नाही, पण आत. हाइनरनं फोनवर नुसतं "गेनाऊ! गेनाऊ!" केलं, म्हणजे 'अगदी बरोबर!' मला आधी वाटलं, माणूस रडतोय.

कापणीला आम्ही पहाटेच पोचलो. यंत्र शेतात शिरलं आणि तीन मीटरची भिंत आडवी होऊ लागली. ती पडताना आवाज असा, की जणू दूरवर एखादी नदी बांध फोडून येते आहे. तासाभरात पलीकडचं गाव दिसू लागलं. चर्चचा मनोरा, पवनचक्क्या, कुणाच्या तरी अंगणातले वाळत घातलेले कपडे. महिनाभर हे सगळं त्या हिरव्यामागं होतं. एक कोपरा यंत्राला घेता येत नव्हता. हाइनरनं आजोबांचा विळा बाबांच्या हातात दिला. बाबांनी मूठभर ताटं धरली. उपटायची सवय, हात आपसूक मुळाकडे गेला. मग थांबले, वीतभर वर आले आणि कापलं. कापलेली पेंढी त्यांनी जमिनीवर टाकली नाही. लेकरू द्यावं तशी हाइनरच्या हातात दिली.

पुढं काड्या तीन आठवडे दवात पडून करड्या झाल्या, धागा सुटला, माझा प्रबंध पुरा झाला. मी म्युनिकला आले. दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारीच्या दारात आज ते शेत बसलं असेल आणि त्याला ते ठाऊकही नसेल. गेल्याच वर्षी हाइनर फोनवर सांगत होता, की आता इथं डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो आणि औषधाच्या दुकानात भांगेची फुलंसुद्धा मिळतात. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. अचंबा होता. तोच अचंबा, जो बाबांच्या तोंडावर मी पहिल्या दिवशी पाहिला होता. कायदा नदीसारखा पात्र बदलतो, आणि कालपर्यंत काठावर असलेली माणसं आज बुडालेली असतात, परवा पुन्हा काठावर. मधल्या काळात बुडून गेली त्यांचं काय, हे नदी सांगत नाही.

बाबा सप्टेंबरात परत गेले. दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज. टेकडीवर आलोय, म्हणाले. नर्मदाकाठचे सहा-सात आश्रम त्यांनी पालथे घातले होते; रामगीर बुवांचा पत्ता कुठंच लागला नव्हता. शेवटी मूळच्या मठात आले. तिथं आता एक तरुण गोसावी राहतो. पत्रे घालून त्यानं मठ उभा केलाय.

"त्यानं विचारलं, 'आपण कोण?'" बाबा सांगत होते. एरवी ते हुद्दा सांगतात, निवृत्त असं जोडून. "मी म्हणालो, इथली झाडं उपटली होती तो मी."

"मग? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, 'बसा.'"

"आणि तुम्ही?"

"बसलोय," बाबा म्हणाले. "अजून बसलोच आहे."